घरकुल, बेघर आणि आपला भाग: खासदाराने संसदेत नेमकं काय केलं ते कसं शोधायचं

निवडणूक जवळ आली की गुळगुळीत कागदावरचा कार्यअहवाल दारात येऊन पडतो, त्यात खासदार साहेब लोकसभेत माइकसमोर हात वर करून उभे असतात आणि खाली मोठ्या अक्षरात इतके प्रश्न विचारले, हजेरी इतके टक्के वगैरे छापलेलं असतं. आकडे खोटे असतात असं नाही, बहुतेक वेळा बरोबरच असतात. पण त्या शेकडो प्रश्नांपैकी आपल्या जिल्ह्यातल्या घरकुलांबद्दल किती होते, पुलाखाली झोपणाऱ्या माणसांबद्दल एक तरी होता का, आणि मंत्र्यांनी गोलमोल उत्तर दिल्यावर साहेब गप्प बसले की पुढच्या अधिवेशनात परत तोच विषय काढला, हे त्या पुस्तिकेत कधीच नसतं. ते आपणच शोधायचं. फुकट आहे, मोबाइलवर पण होतं, फक्त एक निवांत संध्याकाळ काढा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या नाहीतर भलत्याच माणसाला शिव्या घालत बसाल. जमीन आणि वसाहत हा विषय राज्याचा. म्हाडाची लॉटरी, एसआरएची म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची अर्धवट पडलेली स्कीम, बिल्डरने थकवलेलं भाडं, रमाई आवास, शबरी आवास, भटक्या-विमुक्तांसाठीची मुक्त वसाहत योजना हे सगळं विधानसभेत विचारायचं, तिथे आमदारांकडे तारांकित प्रश्न आहेत, लक्षवेधी आहे, औचित्याचा मुद्दा आहे. एसआरएबद्दल खासदाराने लोकसभेत कितीही घसा फोडला तरी उत्तर एका ओळीत येणार की हा राज्याचा विषय आहे, आणि व्हिडिओ मात्र व्हायरल होणार. म्हणून एखादं भाषण बघितलं की पहिला प्रश्न हा विचारा की हे योग्य सभागृहात बोललेत का.

मग खासदाराच्या वाट्याला काय येतं? भरपूर येतं. ग्रामीण घरकुल म्हणजे पीएमएवाय (प्रधानमंत्री आवास योजना) ग्रामीण ही केंद्राची योजना, ग्रामविकास मंत्रालयाकडे, २०१६ पासून सुरू, सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, पैसे केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. शहरी पीएमएवाय जून २०१५ पासून, ती गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्रालयाकडे, तिचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये आला. आणि मग केंद्राच्या मालकीच्या जमिनी, हा भाग बरेच जण विसरतात. मुंबईत रेल्वे रुळांलगतच्या झोपड्या, विमानतळाच्या जागेवरच्या वस्त्या, मिठागरांची जमीन, एनटीसीच्या (केंद्राच्या वस्त्रोद्योग महामंडळाच्या) गिरण्यांच्या चाळी, पोर्टच्या जागेवर उभ्या असलेल्या शिवडीच्या बीडीडी चाळी, आणि मुंबईबाहेर पुणे, खडकी, देहू रोड, देवळाली, कामठी, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर या कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतली घरं. इथे राज्य सरकार एकटं काही करू शकत नाही, दिल्लीची परवानगी लागते, म्हणजे इथे खासदाराचं काम खरोखर मोजता येतं. गंमत अशी की हे प्रश्न घरांच्या खात्याकडे जातच नाहीत, ते रेल्वे, नागरी विमान वाहतूक, वस्त्रोद्योग, बंदरं किंवा संरक्षण मंत्रालयाकडे जातात. त्यामुळे नुसतं 'हाउसिंग' मंत्रालय निवडून सर्च केलंत तर अर्धं काम तुम्हाला दिसणारच नाही.

आता शोधायचं कसं. संसदेची साइट संसद डॉट इन, तिथे लोकसभा आणि राज्यसभा वेगळ्या आहेत. प्रश्नांच्या विभागात गेलात की लोकसभा कितवी, अधिवेशन कुठलं, सदस्य, मंत्रालय, प्रश्नाचा प्रकार असे फिल्टर मिळतात. सध्याची लोकसभा अठरावी, २०२४ ची, त्याआधीची सतरावी २०१९ ते २०२४. साइट मधूनच अडकते, रात्री उशिरा बरी चालते असा माझा अनुभव. सदस्याचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतं आणि आपल्याकडची आडनावं इंग्रजीत चार प्रकारे लिहिली जातात, म्हणून नाव टाइप करत बसण्यापेक्षा यादीतून निवडा. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत, गोव्याचे दोन आणि एक. राज्यसभेच्या खासदाराला कोणी विचारतच नाही, त्यांना मतदारसंघ नसतो ना, पण प्रश्न तेही विचारतात आणि कधीकधी जास्त चांगले विचारतात.

एक अडचण सांगून ठेवतो. शहरी घरांचं जे मंत्रालय आहे ते २०१७ च्या मध्यापर्यंत एक नव्हतं, नगरविकास वेगळं आणि 'हाउसिंग अँड अर्बन पॉव्हर्टी अलेव्हिएशन' वेगळं होतं. म्हणजे तुमचे खासदार जुने असतील, तीन-चार टर्मवाले, तर त्यांचे जुने प्रश्न त्या जुन्या नावाखाली सापडतील. आणि साहेब मधल्या काळात मंत्री झाले असतील तर त्या काळात त्यांच्या नावावर शून्य प्रश्न दिसणार, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. तो शून्य बघून लगेच पोस्ट टाकू नका.

प्रश्न दोन प्रकारचे. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं, त्यावर उपप्रश्न विचारता येतात, लोकसभेत दिवसाला असे फक्त २० असतात. अतारांकित म्हणजे लेखी उत्तर, दिवसाला २३०. राज्यसभेत १५ आणि १६०. कुणाचा प्रश्न तारांकितमध्ये लागणार हे बॅलटने ठरतं, म्हणजे नशीब, त्यामुळे तारांकित कमी म्हणून खासदाराला दोष देऊ नका. आणि २० मधले सगळे काही पुकारले जात नाहीत, तासाभरात साधारण पाचेक होतात आणि गोंधळ झाला तर तेही नाही. पण प्रश्न पुकारला गेला आणि आपले खासदार जागेवरच नव्हते, असं झालं असेल तर ते कामकाजाच्या नोंदीत दिसतं, आणि तिथे मात्र दोष द्या.

याशिवाय शून्य प्रहर आणि नियम ३७७. शून्य प्रहरात तातडीचा विषय मांडायचा, मंत्र्याने लगेच उत्तर द्यायचं बंधन नाही. नियम ३७७ मध्ये २५० शब्दांपर्यंतचं निवेदन, त्यावर मंत्री नंतर त्या सदस्याला लेखी उत्तर पाठवतात. राज्यसभेत याच्या जवळपासचा प्रकार म्हणजे विशेष उल्लेख. फेसबुकवर जे 'साहेबांनी संसदेत आवाज उठवला' असे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक या दोन प्रकारांतले असतात. चांगलीच गोष्ट आहे, पण आवाज उठवला आणि मग काय झालं हे विचारायची सवय आपल्याला नाही. ३७७ चं उत्तर आलं असेल तर खासदाराच्या ऑफिसात असणारच, सरळ फोन करून मागा. देत नाहीत असं नाही, बऱ्याचदा कोणी मागतच नाही.

आता मुख्य काम, उत्तर वाचणं. इथे बरेच जण कंटाळतात कारण पीडीएफ इंग्रजीत नाहीतर सरकारी हिंदीत असते. पहिल्या पानावर प्रश्न, त्याचे ए, बी, सी असे भाग, मग उत्तर. मंत्रालय सगळ्या भागांचं मिळून एकच लांबलचक उत्तर देतं आणि त्यात योजनेची सगळी माहिती परत लिहितं, ती सोडून द्या, ती सगळ्यांच्या उत्तरात शब्दशः तशीच असते. सरळ शेवटच्या पानावर जा, अनेक्शर म्हणजे जोडलेला तक्ता बघा. शहरी घरांच्या तक्त्यात साधारण तीन-चार रकाने असतात: मंजूर, बांधकाम सुरू, पूर्ण, आणि कधीकधी प्रत्यक्ष ताबा दिलेली. भाषणात कायम पहिला रकाना येतो. तुम्ही पहिला आणि शेवटचा यातला फरक बघायचा. घर बांधून पूर्ण आहे पण पाण्याची लाइन नाही, ड्रेनेज नाही म्हणून कुलूप, अशी रिकामी घरं हा मोठा प्रश्न आहे, संसदेच्या स्थायी समितीनेही त्यावर बोट ठेवलंय. तुमच्या खासदाराने 'मंजूर किती' विचारलं की 'लोक राहायला किती गेले' विचारलं, एवढ्यावरून समजतं की प्रश्न कोणी विचार करून लिहिलाय की पीएने कुठल्यातरी जुन्या प्रश्नावरून उतरवलाय.

ग्रामीणला वेगळं बघायचं. तिथे खरं भांडण 'ड' यादीचं म्हणजे घरकुलासाठी वाट बघणाऱ्यांच्या यादीचं असतं, गावात राहणाऱ्याला सांगायला नको. कोणाचं नाव २०११ च्या सर्वेक्षणात राहिलं, कोणाचं नंतरच्या आवास प्लस या पुढच्या सर्वेक्षणात आलं, कोणाचं आलं आणि सिस्टिमने परत उडवलं, आणि ज्याचं सगळं बरोबर आहे त्याच्याकडे बांधायला जागाच नाही. या भूमिहीन लाभार्थ्यांचे राज्यवार आकडे संसदेच्या उत्तरांत येतात, महाराष्ट्राची ओळ शोधून बघा. दुसरा मुद्दा रकमेचा. १ लाख २० हजार हा आकडा २०१६ चा आहे, तेव्हापासून सिमेंट, लोखंड, वाळू, गवंड्याची मजुरी कुठल्या कुठे गेली. 'रक्कम वाढवण्याचा प्रस्ताव आहे का' हा प्रश्न वेगवेगळ्या पक्षांच्या खासदारांनी कितीतरी वेळा विचारलाय. तुमच्या खासदाराने विचारला असेल तर चांगलं, पण उत्तर आल्यावर पुढे काय, बजेटमधल्या ग्रामविकासाच्या मागण्यांवरच्या चर्चेत परत बोलले का ते बघा.

आणि श्रेयाचं काय. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगरची घरं आहेत, विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा असंघटित लोकांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प, त्यातली पहिली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. पीएमएवायखालचा एवढा मोठा प्रकल्प ज्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून उभा केला ते नरसय्या आडम मास्तर खासदार नव्हते, माजी आमदार. म्हणजे संसदेतल्या प्रश्नांची यादी हीच सगळी कामगिरी असं नाही, आणि उलटं पण, एखादा प्रकल्प मतदारसंघात उभा राहिला म्हणून तो खासदाराच्याच खात्यावर जमा होतो असंही नाही.

बेघरांचा विषय मात्र वेगळाच आहे, इथे तुम्हाला बहुतेक रिकामी पाटीच सापडेल, आधीच सांगतो. कारण उघड आहे, बेघर माणसाचं मतदार यादीत नाव असेलच असं नाही, आणि असलं तरी तो गठ्ठा मतदान करत नाही. सर्च करताना 'होमलेस' टाका, मग 'हाउसलेस' टाका (जनगणनेत हाच शब्द आहे), मग 'शेल्टर', 'नाइट शेल्टर', आणि 'बेगरी' म्हणजे भिक्षेकऱ्यांबद्दलचं. शेवटचं सामाजिक न्याय मंत्रालयाकडे असतं, निवारा केंद्रं शहरी उपजीविका अभियानातून उभी राहिली म्हणजे नगरविकासकडे, आणि भटक्या-विमुक्तांची घरं परत सामाजिक न्यायकडे, तिथे २०२२ पासून 'सीड' नावाची योजना आहे आणि त्यात घराचाही भाग आहे. पालावर राहणारं कुटुंब बेघर धरायचं की नाही यावर सरकारी कागद गप्प असतो, म्हणून त्यांच्यासाठी 'डीनोटिफाइड' म्हणजे विमुक्त असा वेगळा सर्च करावाच लागतो. भटक्या-विमुक्तांवरचे रेणके आयोग २००८ ला आणि इदाते आयोग २०१७ ला अहवाल देऊन मोकळे झाले, दोन्हीचे अध्यक्ष आपल्याकडचे, त्यामुळे महाराष्ट्राच्या खासदारांनी या अहवालांचं काय झालं हे विचारलंय का, हे मी तरी आवर्जून बघतो.

बेघरांच्या उत्तरात आकडा आला की तो कुठल्या साली मोजलाय ते आधी बघा. बहुतेक वेळा तो २०११ च्या जनगणनेचा असतो, २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत मोजलेला. देशात १७ लाख ७० हजारांच्या वर, महाराष्ट्रात २ लाख १० हजार, बृहन्मुंबईत ५७ हजार. रस्त्यावर, फुटपाथवर, मोठ्या पाइपात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, प्लॅटफॉर्मवर झोपलेले लोक त्यात धरलेत. आता एका रात्रीत किती सापडले असतील ते तुम्हीच ठरवा. पुढची जनगणना २०२७ ची, तोपर्यंत उत्तरात हाच जुना आकडा फिरत राहणार. नियमाप्रमाणे शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमचं निवारा केंद्र हवं, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. मग तक्त्यात तुमच्या राज्यातली केंद्रं बघा, राज्यातल्या शहरांची लोकसंख्या बघा, भागाकार करा. आणि केंद्र मंजूर आहे, चालू आहे की दुरुस्तीला काढलंय हे उत्तरात आलं नसेल तर समजा की प्रश्नातच ते विचारलं नव्हतं.

प्रादेशिक विषय म्हटलं की नव्वद टक्के रेल्वे. थांबा द्या, दुहेरीकरण करा, फलाट वाढवा, गाडी नांदेडपर्यंत न्या. ३७७ ची यादी काढलीत तर हसू येईल पण लोकांच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं असतं, मी नावं ठेवत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची लाइन घ्या, बीडच्या किती खासदारांनी किती वेळा ती मांडली, शेवटी बीडपर्यंत गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. अशा कामात अर्धा खर्च राज्याने द्यायचा ठरलेलं होतं, म्हणजे फाइल कधी दिल्लीत अडकायची कधी मुंबईत, आणि उत्तरात 'राज्याचा हिस्सा प्रलंबित' असं एक वाक्य हळूच टाकलेलं असतं. ते वाक्य शोधा. तिथून पुढे खासदाराने राज्याकडे पत्र लिहिलं का हे संसदेच्या साइटवर दिसणार नाही पण विचारता तर येईल.

विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी राज्यघटनेचं कलम ३७१ (२) टाकून बघावं. या कलमाखाली १९९४ ला आलेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, मग परत स्थापन करायचं राज्याने ठरवलं, आणि विषय दिल्लीच्या दारात गेला. अनुशेष, दांडेकर समिती, केळकर समिती हे सगळं विधिमंडळात शेकडो वेळा झालंय, पण मंडळांच्या मुदतवाढीचा मुद्दा गृह मंत्रालयाशी जोडलेला आहे, म्हणजे शोधताना गृह मंत्रालय निवडा. कोकणातल्यांसाठी मुंबई-गोवा महामार्ग आहेच, तो रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे, त्या उत्तरांतल्या 'अपेक्षित पूर्णता' च्या तारखा सालवार एका वहीत उतरवून काढा, दुसरं काही लिहायची गरज पडणार नाही. आणि प्रादेशिक प्रश्न संसदेत कसा मांडायचा हे बघायचं असेल तर संसदेच्या डिजिटल लायब्ररीत राजापूरचे खासदार नाथ पै आणि नंतर मधु दंडवते यांची भाषणं काढून वाचा, १९५२ पासूनचं सगळं तिथे आहे. कोकण रेल्वेवर बोलताना गावाची मागणी आणि देशाचा हिशोब एकाच दमात कसा मांडायचा हे त्यांच्याकडून शिकावं.

आता एक जागा जिथे कोणी बघत नाही आणि मला वाटतं सगळ्यात जास्त माल तिथेच आहे: आश्वासनं. मंत्री म्हणाले 'माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' किंवा 'विचाराधीन आहे', की ते नुसतं बोलणं राहत नाही, ते सरकारी आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. त्यावर नजर ठेवायला दोन्ही सभागृहांच्या वेगळ्या समित्या आहेत आणि त्यांचे अहवाल साइटवर आहेत, वर्षानुवर्षं लोंबकळलेल्या आश्वासनांसकट. तुमच्या खासदाराच्या घरकुलाच्या प्रश्नाला असं उत्तर आलं असेल तर प्रश्न क्रमांक आणि तारीख घेऊन तिथे शोधा.

तसंच स्थायी समित्या. गृहनिर्माण आणि नगरविकासची एक, ग्रामविकास आणि पंचायत राजची एक, प्रत्येकीत ३१ जण, २१ लोकसभेचे १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड असतात, टीव्हीवर दिसत नाहीत, म्हणून खरी चर्चा तिथे होते असं म्हणतात. कोण काय बोललं ते बाहेर येत नाही, पण अहवालाच्या शेवटी बैठकीचं इतिवृत्त असतं आणि त्यात हजर सदस्यांची नावं. तुमचे खासदार समितीवर असतील आणि चार बैठकांत नावच नसेल तर लोकसभेतली ९० टक्के हजेरी घेऊन काय करायचंय.

पीआरएस नावाच्या संस्थेची साइट पण वापरा, तिथे हजेरी, चर्चा, प्रश्न, खासगी विधेयकं सगळं एका पानावर, राज्याच्या आणि देशाच्या सरासरीसकट. पटकन बघायला झकास आहे. फक्त प्रश्नांचा आकडा जपून घ्या, कारण एकाच विषयाचे प्रश्न एकत्र जोडतात आणि चार-पाच खासदारांची नावं एकाच प्रश्नावर येतात, मजकूर सारखा, स्वल्पविरामसुद्धा सारखा, आणि मोजताना प्रत्येकाच्या खात्यावर एक. खासगी विधेयकाचं पण तसंच, मांडायला काही लागत नाही, दोन्ही सभागृहांत पास झालेलं शेवटचं १९७० चं आहे. खासदार निधीचे वर्षाचे ५ कोटी हा तर पूर्ण वेगळा विषय, सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक यात मिसळू नका.

भाषण वाचताना दोन खुणा लक्षात ठेवा. खासदार मराठीत बोलले असतील तर मुद्रित कामकाजात बऱ्याचदा फक्त भाषांतर असतं आणि खाली तारांकन करून मूळ भाषण मराठीत होतं अशी टीप, त्यामुळे त्यांची खरी वाक्यं ऐकायची तर संसद टीव्हीचा व्हिडिओ काढा. दुसरं, काही भाषणं बोललेलीच नसतात, वेळ संपला म्हणून लेखी भाषण पटलावर ठेवलेलं असतं, तशी नोंद असते. कार्यअहवालात दोन्ही 'चर्चेत सहभाग' म्हणूनच मोजतात.

शेवटी, शोधून झाल्यावर काही सापडलं नाही तर चिडून सोडू नका, प्रश्न तुम्हीच लिहून द्या. तसं कोणीही देऊ शकतं, पत्रकार देतात, संघटना देतात. १५० शब्दांच्या आत, एकच विषय, आणि केंद्राच्या अखत्यारीतला. 'घरकुलाची स्थिती काय' असं मोघम लिहू नका, मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळतं. असं लिहा: अमुक जिल्ह्यात पीएमएवाय ग्रामीणमध्ये पहिला हप्ता मिळून वर्ष झालं पण दुसरा मिळाला नाही अशी घरं किती, तालुकानिहाय, त्यातली जागेअभावी अडलेली किती, केंद्राकडून राज्याला गेल्या दोन आर्थिक वर्षांत किती रक्कम कुठल्या तारखांना दिली. आणि बेघरांसाठी: अमुक शहरात मंजूर निवारा केंद्रं किती, आज चालू किती, प्रत्येकाची क्षमता किती आणि मागच्या हिवाळ्यात रोज रात्री सरासरी किती लोक होते. प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी जावी लागते, मंत्रालयांना वार वाटून दिलेले असतात, त्यात बॅलट, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधीच, पावसाळी अधिवेशन जुलैत धरलं तर जूनमध्येच ईमेल टाका, एक प्रत पीएला व्हॉट्सॲप करा, आणि प्रश्न लागला की त्याचा क्रमांक कळवा एवढं शेवटच्या ओळीत लिहायला विसरू नका.